कोळसा उगाळावा तितका हिरवा?

उत्तर स्वीडनच्या पाइन जंगलांत जमिनीलगत एक बुटकं झुडूप पसरलेलं असतं. नाव क्रोबेरी. सुईसारखी बारीक पानं, मण्यांसारखी काळी फळं, उंची जेमतेम वीतभर. बघणाऱ्याला वाटावं, बिचारं आपलं कोपऱ्यात पडून आहे. शेजारी म्हणून मात्र ते फार वाईट. त्याच्या पानांतून फिनॉल जातीची रसायनं पावसाबरोबर मातीत उतरतात आणि त्या मातीत पडलेलं पाइनचं बी रुजता रुजत नाही. रुजलं तरी रोप खुरटून बसतं. निलगिरीखाली गवतसुद्धा धड उगवत नाही हे आपल्याकडे अनेकांनी पाहिलं असेल. तसलाच हा प्रकार.

तरीही हजारो वर्षं त्या जंगलांत पाइन आणि बर्च उगवत राहिले, कारण अधूनमधून वीज पडून वणवा लागे. वणव्यात क्रोबेरी जळून जाई हे खरं, पण तिच्याखालच्या कुजट थरात साठलेल्या रसायनांचं काय होई? याचा छडा उमेओ इथल्या कृषी विद्यापीठातले ओले झाक्रिसन, मारी-शार्लोट निल्सन आणि त्यांच्याबरोबर काम करणारे डेव्हिड वॉर्डल यांनी १९९० च्या दशकात लावला. वणव्यानंतर जमिनीत राहिलेले कोळशाचे तुकडे ती रसायनं ओढून घेत होते. क्रोबेरीखालची माती कुंड्यांत भरून तीत त्यांनी कोळसा मिसळला, तेव्हा बर्चची रोपं कोळसा नसलेल्या कुंड्यांतल्या रोपांपेक्षा कितीतरी जोमानं वाढली. या कोळशाची शोषून घेण्याची ताकद सुमारे शंभर वर्षं टिकते, असंही त्यांना आढळलं. आणि नेमकी गेली शंभर-सव्वाशे वर्षं माणसानं तिथले वणवे विझवत आणले आहेत. म्हणजे जुना कोळसा थकला आणि नवा तयार होईना. क्रोबेरीला रान मोकळं मिळालं.

या गोष्टीत कोळशानं रोपाला खायला काहीच दिलं नाही. शेजारणीचं विष तेवढं गिळलं. बायोचारबद्दल हल्ली जे बोललं जातं, त्यात हा फरक हटकून हरवतो.

बायोचार म्हणजे मातीत घालण्यासाठी मुद्दाम केलेला कोळसा. लाकूड, कपाशीची पऱ्हाटी, तुराट्या, भाताचं तूस, नारळाची करवंटी, असलं काहीही हवा कोंडून साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की त्यातला ओलावा आणि वायू निघून जातात आणि काळा सांगाडा उरतो. चुलीत लाकूड मोकळं जळू दिलं तर सकाळी हाती राख येते. निखाऱ्यांवर घमेलं पालथं घालून हवा बंद केली तर कोळसा येतो. सगळी भट्टीविद्या या दोन वाक्यांत आहे. राखेत क्षार असतात, पण ते एक-दोन पावसांत वाहून जातात. कोळशात मूळच्या लाकडातला निम्म्याच्या आसपास कार्बन अडकून राहतो आणि मातीतले जिवाणू त्याला सहजी दात लावू शकत नाहीत. पाला दोन वर्षांत कुजून हवेत जातो. कोळशाचा बराचसा भाग शेकडो वर्षं जागेवर असतो. हवामानबदलाची चिंता करणाऱ्यांना बायोचार आवडतो तो यामुळे.

झाडाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. झाड जिवंत असताना ज्या बारीक नळ्यांतून पाणी चढत होतं, त्या नळ्या कोळशातही तशाच राहतात, शिवाय तापवताना असंख्य सूक्ष्म भोकं पडतात. चांगल्या बायोचारच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. चिमटीत मावणाऱ्या पुडीत एखाद्या चौसोपी वाड्याच्या सगळ्या भिंती घडी घालून ठेवाव्यात, तसं काहीसं. त्या भिंतींना पाणी चिकटतं, अमोनियम चिकटतं, शिसं आणि कॅडमियमसारखे धातूही चिकटतात. आडोशाला जिवाणू आणि बुरशीचे धागे राहायला येतात. वाडा रिकामा असेल तर मात्र त्यात राहणाऱ्याला जेवण मिळत नाही.

या वाड्याची एक फार जुनी आणि फार मोठी वस्ती ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहे. तिथली सर्वसाधारण माती पिवळट-तांबडी, आम्लधर्मी आणि पावसानं धुऊन निघालेली. पण नदीकाठच्या उंचवट्यांवर मधूनच काळ्या मातीचे तुकडे लागतात. ब्राझीलमध्ये तिला ‘तेरा प्रेता’, म्हणजे काळी माती, म्हणतात. तीत कोळशाबरोबर खापरांचे तुकडे, माशांचे काटे, हाडं सापडतात, कारण ती माणसांनी घडवली आहे. युरोपियन येण्याआधीच्या दोन-अडीच हजार वर्षांत तिथे राहणाऱ्या लोकांनी. जर्मन मृदाशास्त्रज्ञ ब्रुनो ग्लासर यांच्या मोजणीनुसार तिच्यात आजूबाजूच्या मातीच्या सत्तर पटींपर्यंत जास्त कोळसा आहे.

ही माती जगाच्या नजरेत आणणारा माणूस होता विम सोम्ब्रूक. हा डच शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लहान होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, माणसं ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली. सोम्ब्रूक कुटुंब तगलं ते घरच्या जमिनीच्या लहानशा तुकड्यावर. पिढ्यानपिढ्या गोठ्यातलं शेण आणि गवताळ मातीची ढेकळं घालून वाढवलेली ती काळी माती होती. पुढे ॲमेझॉनमध्ये फिरताना त्यांना तशीच माती दिसली. १९६६ साली त्यांनी ॲमेझॉनच्या मातीवरचं आपलं पुस्तक छापलं आणि माणूस माती बिघडवतो तसा घडवूही शकतो, या विचाराचा पाठपुरावा मरेपर्यंत केला. कोळसा, शेण, हाडं आणि खरकटं हे सगळं तिथे एकत्र होतं, हे विसरून नुसता कोळसा तेवढा उचलणाऱ्यांनी पुढे बरीच फजिती करून घेतली.

वॉर्डल यांनीच २००८ साली उत्साहाला आणखी एक चाप लावला. त्यांच्या गटानं जाळीच्या पिशव्यांत कोळसा, जंगलातला कुजलेला थर आणि दोघांचं मिश्रण असं वेगवेगळं भरून उत्तर स्वीडनच्या जंगलात दहा वर्षं ठेवलं होतं. मिश्रणाच्या पिशव्या अपेक्षेपेक्षा हलक्या भरल्या. कोळशाच्या सोबतीनं जिवाणूंची चंगळ झाली होती आणि कुजलेला थर अधिक वेगानं संपला होता. ज्या जंगलात सेंद्रिय थर आधीच जाड आहे, तिथे कोळसा ओतून कार्बन वाचवायला जाल तर दुसऱ्या हातानं तो गमावाल, असा त्याचा सरळ अर्थ. ‘सायन्स’ मासिकात हा निबंध आला, त्यावर वादही झाले. पण एक गोष्ट पक्की झाली: कोळसा चांगला की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या मातीत, हे आधी विचारायला हवं.

त्याच देशात, पण जंगलात नव्हे तर राजधानीच्या फुटपाथवर, याचं एक चोख उत्तर मिळालं.

स्टॉकहोमच्या रस्त्यांवरची झाडं या शतकाच्या सुरुवातीला वाळत चालली होती. कारण पुणेकर किंवा ठाणेकर वाचकाला वेगळं सांगायला नको. वरून डांबर आणि फरशी, खाली गाड्यांच्या वजनानं विटेसारखी घट्ट झालेली माती. मुळांना हवा नाही. पावसाचं पाणी गटारात जातं, झाडाच्या वाट्याला येत नाही. महापालिकेचे वृक्ष अधिकारी ब्योर्न एम्ब्रेन यांनी झाडाला खत-पाणी वाढवण्याऐवजी त्याच्या खालची जागाच बदलली. खड्डा मोठा खणायचा, त्यात मोठ्या खडीचा थर द्यायचा. खडी एकमेकींवर टेकून वरच्या रस्त्याचं वजन पेलते आणि मधल्या पोकळ्या मोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांत कंपोस्ट मुरवलेला बायोचार भरायचा. छपरांवरचं आणि रस्त्यावरचं पाणी याच खड्ड्यात वळवायचं. २००९ च्या सुमारास बायोचारचे प्रयोग सुरू झाले आणि झाडांनी चांगला प्रतिसाद दिला. मग अडचण आली ती इतका कोळसा आणायचा कुठून याची. शहरानं स्वतःच भट्टी घालायचं ठरवलं. ब्लूमबर्ग फिलॅन्थ्रॉपीजच्या महापौरांसाठीच्या स्पर्धेत २०१४ साली या कल्पनेला दहा लाख युरोंचं बक्षीस मिळालं आणि मार्च २०१७ मध्ये पहिली भट्टी सुरू झाली. लोकांच्या बागांतल्या फांद्या आणि छाटणीचा कचरा तिथे जातो. त्याचा कोळसा होतो, आणि भट्टीतून निघणारी उष्णता नळांतून घराघरांत जाते. कचरा दिलेल्या नागरिकांना बागेसाठी बायोचार परत नेता येतो.

आपल्याला रस आहे तो देशी झाडांत, आणि स्टॉकहोमचं प्रत्येक झाड देशी नसतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तिथली रीत देशी झाडांसाठी धडपडणाऱ्या लोकांच्याही कामाची आहे, कारण दोघांचं दुखणं एकच. देशी झाड चिवट असतं असं आपण म्हणतो, ते त्याच्या हजारो वर्षांच्या ओळखीच्या मातीबद्दल खरं असतं. बुलडोझरनं वरचा थर काढून नेल्यावर उरलेला मुरूम त्याच्या ओळखीचा नसतो.

अशा अनोळखी जमिनी खाणवाले फार करून ठेवतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ॲस्पेन हे आज श्रीमंतांच्या स्कीइंगचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ते चांदीच्या खाणींचं गाव होतं. १८९३ साली चांदीचा भाव कोसळला, माणसं निघून गेली आणि डोंगरउतारांवर खाणीतून काढलेल्या दगडमातीचे ढिगारे राहिले. त्यांतला होप माइनचा ढिगारा कॅसल क्रीक या ओढ्याच्या काठावर. त्यात आर्सेनिक, शिसं, कॅडमियम, जस्त, आणि त्या ओढ्याचं पाणी ॲस्पेन पितं. इतक्या वर्षांत त्या उतारावर हिरवं म्हणण्यासारखं काही टिकलं नव्हतं. २०१० साली तिथे स्थानिक संस्थांनी वन खात्याबरोबर प्रयोग केला. त्या भागात भुंगेऱ्यांनी पाइनची जंगलंच्या जंगलं मारली होती. असल्या मेलेल्या लाकडाचा कोळसा, कंपोस्ट आणि तिथल्याच गवतांचं व रानफुलांचं बी एकत्र करून उतारावर पसरलं. पुढच्या हंगामात ढिगाऱ्यावर गवत दिसू लागलं. इथे कोळशानं पाणी धरलं आणि विषारी धातूही काही प्रमाणात अडकवून ठेवले. कंपोस्टनं पोट भरलं. दोघांपैकी एकानंच भागलं असतं का, हा प्रश्न अशा कामात विचारण्यात फारसा अर्थ नाही. ते एकमेकांसाठीच होते.

पेरूमधल्या माद्रे दे दिओस प्रांतात तर परिस्थिती याहून वाईट. सोन्याच्या हव्यासापायी तिथे नदीकाठचं घनदाट जंगल तोडून माती पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतात, पाऱ्यानं सोन्याचे कण पकडतात आणि पुढे जातात. मागे उरते वाळू, गोटे आणि गढूळ डबकी. ॲमेझॉनच्या पोटात वाळवंट. तिथे सिन्सिया ही संशोधन संस्था अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या साथीनं मूळ जंगल परत आणायच्या खटपटीत आहे. त्या जंगलातलं एक मोठं उत्पन्न म्हणजे ब्राझील नट. त्याची टणक टरफलं वाया जातात. त्यांचाच बायोचार करून रोपवाटिकेत दोन देशी झाडांना दिला गेला: बोलाइना आणि टर्मिनॅलिया ॲमेझोनिया. टर्मिनॅलिया हे नाव वाचून इकडचा वाचक थबकेल, कारण आपले ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा त्याच गोतातले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बायोचार मिळालेली रोपं उंचीला आणि खोडाच्या जाडीला सरस निघाली. डोसही अफाट नव्हता. हेक्टरी एक ते तीन टनांच्या हिशेबातला. रोपवाटिकेतली ही आघाडी महत्त्वाची असते. वाळूत नेऊन लावलेलं रोप पहिल्या कोरड्या हंगामात मरणार की तगणार, हे त्याची मुळं तोवर किती खोल गेली यावर ठरतं.

आता आकडे. टोरांटो विद्यापीठातले शॉन थॉमस आणि नायजेल गेल यांनी २०१५ साली झाडांवरचे तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. बायोचारमुळे झाडांची वाढ सरासरी ४१ टक्के जास्त झाली होती. आकडा दणदणीत आहे आणि बायोचार विकणाऱ्यांच्या तोंडी तो नेहमी असतो. पण त्याच निबंधात पुढे लिहिलं आहे की प्रयोगाप्रयोगांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. उष्ण प्रदेशातल्या आणि उत्तर ध्रुवाकडच्या जंगलांतल्या झाडांना फायदा जास्त, मधल्या समशीतोष्ण प्रदेशात कमी. रुंद पानांच्या झाडांना जास्त, सूचिपर्णींना कमी. लहान वयात जास्त. शिवाय असे बरेचसे प्रयोग कुंडीतले असतात आणि कुंडीतलं झाड म्हणजे आजीकडे राहायला आलेलं नातवंड, त्याचं वजन वाढणारच. पिकांबद्दल सायमन जेफ्री आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली असाच ताळेबंद मांडला. उष्ण प्रदेशात उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं, समशीतोष्ण प्रदेशात सरासरी काहीच वाढलं नाही. उष्ण प्रदेशांत अनेक ठिकाणची माती आम्लधर्मी, धुपलेली असते. बायोचार अल्कधर्मी असतो, तो चुन्यासारखं काम करतो. युरोपातल्या चांगल्या पोसलेल्या शेताला त्याची गरज नसते.

हे वाचून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं किंवा वृक्षप्रेमीनं लगेच पोतं विकत घ्यायला धावू नये. विदर्भ-मराठवाड्यातली काळी कसदार माती कोळशामुळे काळी नाही, बेसाल्ट झिजून झालेली ती चिकणमाती आहे. ती पाणी धरण्यात मुळातच पटाईत, आणि बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी. तिच्यात अल्कधर्मी कोळसा ढकलून फार काही हाती लागणार नाही. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी आणि सच्छिद्र. डोंगरउतारावरचा मुरूम पाणी धरत नाही. महामार्गाच्या कडेला, बंद पडलेल्या खाणींत, इमारतीच्या राडारोड्यावर माती नावालाच असते. कोळशाला काम असेल तर तिथे.

आणि कोकणातल्या जांभ्याच्याही सगळ्या जागी नाही. सह्याद्रीतले आणि कोकणातले सडे उघड्या कातळाचे. त्यांच्यावर बोटभर माती, पावसाळ्यात चिखल, मार्चमध्ये तवा. २०१२ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटातलं कास पठार या जातीचं. तिथली सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे आणि सूक्ष्म जीव पकडून खातात, कारण त्या मातीत पोटाला पुरेल असं काही नसतं. हजारो वर्षं उपाशी राहायला शिकलेल्या झाडांच्या ताटात अचानक पंचपक्वान्नं वाढली तर ती जेवत नाहीत. बाहेरचं धष्टपुष्ट गवत येऊन जेवतं आणि यांना ढकलून देतं. तेव्हा ‘देशी झाडांसाठी माती सुधारा’ हा सल्ला सड्यावर दिला तर तो थेट घातक आहे. निसर्गानं गरीब ठेवलेली माती आणि माणसानं उद्ध्वस्त केलेली माती यांतला फरक ओळखता आला नाही, तर बायोचारच काय, शेणखतसुद्धा अपाय करील. कोळशाला देशी-परदेशी कळत नाही. त्याच्या आडोशाला जे आधी हातपाय पसरतं, ते जिंकतं.

कोळसा मातीत घालायची कल्पना मराठी मुलखाला अगदी परकीही नाही. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. शेण, तोडलेली कवळं, पाला, गवत यांचे थर वाफ्यावर रचून पावसाळ्याआधी पेटवून देतात. तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतला पालाश रोपांना मिळतो. पण हे मोकळं जाळणं. सगळं राख होऊन जातं आणि त्यापायी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या वर्षानुवर्षं उतरवल्या जातात. डॉ. नारायण सावंत यांनी जी चारसूत्री भातलागवड मांडली, तिच्या पहिल्या सूत्रात याला एक चतुर पर्याय आहे. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची. ‘काळी’ या शब्दावर भर. पूर्ण जळालेली पांढरी राख नव्हे, तर अर्धवट जळालेलं काळं तूस. त्यांचं लक्ष त्यातल्या सिलिकावर होतं, पण आजच्या भाषेत ते काळं तूस म्हणजे बऱ्याच अंशी बायोचारच.

फांद्या तोडून कोळसा करणं हा अर्थातच आतबट्ट्याचा व्यवहार. देशी झाड जगवायला देशी झाड जाळायचं, याला काय म्हणावं? कच्चा माल हवा तो नको असलेल्या झाडांचा. नेपाळमध्ये डोंगरांवर ‘वनमारा’ नावाचं परदेशी झुडूप माजलं आहे. रान मारतं म्हणून वनमारा. बायोचारचे संशोधक हान्स-पेटर श्मिट यांनी नेपाळी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याच झुडपाचा कोळसा केला, तो गोमूत्रात भिजवला आणि भोपळ्याच्या मुळांशी हेक्टरी पाऊण टन इतकाच दिला. नुसत्या गोमूत्राच्या तुलनेत उत्पन्न चौपट झालं. नुसत्या कोळशाच्या तुलनेतही ते ८५ टक्क्यांनी जास्त होतं. भोपळा काही हिमालयातलं देशी झाड नव्हे. पण जागा, डोस आणि भिजवण या तिन्ही बाबतींत हा प्रयोग रोपं लावणाऱ्यांना जे शिकवून जातो ते मोठं आहे. आणि वनमाराची जवळची नातलग आपल्या सह्याद्रीतही आहे. तिला आपण म्हणतो रानमोडी. डोंगराच्या अल्याड-पल्याड दोन भाषांनी एकाच गोतातल्या दोन झुडपांना एकच शिवी द्यावी, हा योगायोग गमतीदार. रानमोडी आणि घाणेरी फुलावर येण्याआधी उपटून त्यांचा कोळसा केला, तर त्यांनी बळकावलेल्या जागी लावलेल्या झाडांच्या खड्ड्यात तो कामी यावा.

त्याला मोठी भट्टी लागत नाही. जमिनीत शंकूच्या आकाराचा खड्डा खणायचा, तळाशी जाळ करायचा आणि तो पेटत असताना वरून थोडं थोडं वाळलेलं काटूक टाकत राहायचं. वरच्या जाळामुळे खालच्या थराला हवा मिळत नाही, म्हणून तो राख न होता कोळसाच राहतो. वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की नवा थर द्यायचा. खड्डा भरला की पाणी किंवा माती टाकून विझवायचा. ज्वाळा स्वच्छ असली पाहिजे. धूर कोंदू लागला तर काटूक ओलं आहे किंवा घाई झाली आहे. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं, म्हणजे क्रिडानं, पऱ्हाट्या आणि तुराट्यांसाठी पत्र्याच्या पिंपाची साधी भट्टीही तयार केली आहे.

खरी चूक पुढच्या पायरीवर होते. ताजा कोळसा तसाच खड्ड्यात घातला तर तो आधी स्वतःचं पोट भरतो. मातीतलं अमोनियम भिंतींना चिकटवून घेतो आणि रोप पिवळं पडतं. मग माणूस म्हणतो, बायोचार फसवा आहे. म्हणून तो चेचून ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा करायचा, शेणखतात, गोमूत्रात किंवा जीवामृतात तीन-चार आठवडे मुरू द्यायचा आणि मग वापरायचा. चेचण्याआधी पाणी मारायचं, कारण कोरडी काजळी थेट फुप्फुसात जाते. रोपाच्या पिशवीत मिश्रणाच्या दहा टक्क्यांच्या आतच ठेवलेला बरा. जास्त झाला की माती अल्कधर्मी होते आणि आम्ल मातीची सवय असलेल्या रोपांना लोह मिळेनासं होतं. कोळशाला तेलकट वास येत असेल तर भट्टी कच्ची राहिली, त्यात डांबरासारखे पदार्थ उरले आहेत. शंका असेल तर ओल्या कोळशात मूठभर मेथी पेरून पाहावी. साध्या मातीतली मेथी उगवली आणि ही रुसली, तर तो कोळसा झाडाजवळ नेऊ नये. दगडी कोळशाचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नाही, हे लिहायची वेळ येते कारण तोही कुणीतरी आणून टाकतो.

२०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रानं ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प केला होता. लावलेल्यांतली किती जगली, यावरून नंतर विधिमंडळात वाजलं, चौकशीसाठी समिती बसली. खड्डे मोजले जातात. त्या खड्ड्यांत मुरूम होता की माती, हे क्वचितच कुणी विचारतं. बायोचारनं पाणी देण्याची जबाबदारी टळत नाही, बकरी अडत नाही, चुकीच्या जागी लावलेलं झाड बरोबर जागी येत नाही. मुरमाड उतारावरच्या रोपाला पावसाळा संपल्यावर ओल थोडी जास्त दिवस पुरते. कोरड्या हंगामात त्या थोड्या दिवसांना किंमत असते, इतकंच.

उत्तर स्वीडनमधल्या जंगलांत आता वणवे मुद्दाम लावले जातात. जंगल नीट सांभाळल्याचं एफएससीचं प्रमाणपत्र घेणाऱ्या मोठ्या वनमालकांवर तशी अटच आहे: कोरड्या आणि मध्यम ओलीच्या जमिनीवर जेवढ्या क्षेत्रात तोड करून नव्यानं जंगल उभं करायचं, त्याच्या किमान पाच टक्क्यांएवढं क्षेत्र ठरवून जाळायचं. वारा पाहून, पाण्याचे पाइप हाताशी ठेवून काम चालतं. क्रोबेरी जळते, जमीन काळी पडते आणि त्या काळ्यात कोळशाचे ताजे तुकडे विखुरतात. पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत काही ठिकाणी निळसर-जांभळ्या फुलांचं एक रानटी जिरेनियम उगवतं. त्याचं बी कित्येक दशकं मातीत पडून असतं, धग लागल्याशिवाय फुटत नाही. त्याच्या मागोमाग बर्च येतात आणि मग पाइन.